ह्यांचा मुकादम कुठाय?

ऑक्टोबर लागला की आमच्या संस्थेकडे मागण्या सुरू होतात. 'गरिबीवरची एखादी फिल्म द्या. अर्ध्या तासाची असावी, इंग्रजी फार नको, आणि मुलांवर परिणाम झाला पाहिजे.' परिणाम म्हणजे नेमकं काय, असं मी पूर्वी विचारत असे. आता विचारत नाही. मुलांच्या डोळ्यांत पाणी यावं, एवढाच त्याचा अर्थ असतो. १७ ऑक्टोबर हा संयुक्त राष्ट्रांचा दारिद्र्य निर्मूलन दिन राष्ट्रीय सेवा योजनेच्या वार्षिक कार्यक्रमात बसतो. रक्तदान आणि वृक्षारोपण यांच्या मानानं तो सोपाही पडतो. प्रोजेक्टर कॉलेजचा, हॉल कॉलेजचा. फिल्म आणि बोलणारी बाई तेवढी बाहेरून आणायची.

ती बोलणारी बाई म्हणजे मी. पुण्यातल्या एका छोट्या संस्थेत जागतिक दारिद्र्यावरच्या फिल्म्स दाखवणं आणि नंतर लोकांशी बोलणं हे माझं काम आहे. कॉलेजं, शाळा, ज्येष्ठांचे संघ, क्लब, आणि हंगामात ऊसतोड कामगारांचे तळ, असा आमचा फिरता संसार. या कामात एक गोष्ट मला पटत गेली: फिल्म बघून लोक किती हळहळले यावरून काहीच कळत नाही, नंतर त्यांनी काय विचारलं, यावरून कळतं. आणि चांगले प्रश्न कुठे विचारले जातात, याबद्दलचा माझा अंदाज सपशेल बदलला.

या १७ ऑक्टोबरची गोष्ट कार्यक्रमात सहसा कुणी सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांनी हा दिवस १९९२ मध्ये जाहीर केला. त्याच्या पाच वर्षं आधी पॅरिसच्या त्रोकादेरो भागात जोसेफ व्रेझिन्स्की नावाच्या धर्मगुरूच्या हाकेवरून मोठा जमाव जमला होता, आणि अतिदारिद्र्याचे बळी ठरलेल्यांच्या स्मरणार्थ तिथे एक शिळा बसवली गेली. व्रेझिन्स्की स्वतः अत्यंत गरीब घरात वाढलेला. पॅरिसजवळच्या बेघरांच्या छावणीत त्यानं १९५७ मध्ये आपली संघटना सुरू केली, ती तिथल्याच कुटुंबांना बरोबर घेऊन. गरिबांनी स्वतः बोलावं, बाकीच्यांनी ऐकावं, असा त्याचा आग्रह. आपल्याकडे त्या दिवशी प्राचार्य बोलतात, मग पाहुणे बोलतात, मग मी.

सुरुवातीला मी १९८४ ची कोरेमची बातमी हमखास दाखवायची. उत्तर इथिओपियातलं कोरेम हे गाव, पहाटेचं धुकं, जमिनीवर बसलेली हजारो माणसं. मायकेल बर्क या बीबीसीच्या वार्ताहराची ती बातमी, आणि कॅमेरा केनियाच्या मोहम्मद अमीनचा. २३ ऑक्टोबर १९८४ ला ती बीबीसीवर दाखवली गेली आणि जगभर पसरली. त्यातूनच पुढे गायकांची मदतमोहीम उभी राहिली आणि १३ जुलै १९८५ ला लंडन आणि फिलाडेल्फियाच्या मैदानांवर एकाच दिवशी 'लाइव्ह एड'चा जलसा झाला. कोट्यवधींची मदत जमली. काही मिनिटांच्या चित्रीकरणानं एवढं घडवल्याचं दुसरं उदाहरण शोधावं लागेल, आणि त्या मदतीनं जीव वाचले हे कुणी नाकारू नये.

पण त्याच बातमीनंतर हॉलमध्ये जे प्रश्न येत ते ऐकून मला घाम फुटायचा. 'तिथे काहीच पिकत नाही का?' 'ते लोक इतकी मुलं का होऊ देतात?' 'आफ्रिकेला सगळे इतकी वर्षं पैसे देतात, मग सुधारणा का नाही?' इथिओपियात तेव्हा यादवी युद्ध चालू होतं. लष्करी राजवट बंडखोरांच्या मुलखाची कोंडी करत होती आणि दुष्काळाइतकाच या कोंडीनं माणसांचा घास तोडला होता. मी हे सांगायची. लोक सभ्यपणे मान हलवायचे, पण डोळ्यांसमोर धुकं आणि हाडं, त्यापुढे माझं राजकारण कोण ऐकणार? ब्रिटनमध्येही तेच झालं. व्हीएसओ या स्वयंसेवी संस्थेनं या शतकाच्या सुरुवातीला तिथे पाहणी केली, तेव्हा ८० टक्के लोकांच्या मनात विकसनशील देश म्हटलं की दुष्काळ, आपत्ती आणि पाश्चात्त्यांची मदत हेच चित्र होतं. 'लाइव्ह एड'ला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं उलटून गेली होती.

मग मी फिल्मच्या आधी एक प्रश्न विचारायला लागले. तो माझा नाही, स्वीडनचे डॉक्टर हान्स रोस्लिंग यांचा आहे. गेल्या वीस वर्षांत जगातल्या अतिदरिद्री लोकांचं प्रमाण जवळपास दुप्पट झालं, होतं तेवढंच राहिलं, की निम्म्यावर आलं? रोस्लिंग यांनी २०१७ मध्ये चौदा देशांत तो विचारला तेव्हा सरासरी अवघ्या ७ टक्के लोकांचं उत्तर बरोबर आलं. त्यांच्या विचारण्याच्या काळात ते प्रमाण निम्म्यावर आलेलं होतं. आमच्या हॉलमध्ये सगळे हात 'दुप्पट'वर जातात, प्राध्यापकांचे सर्वांत आधी. जागतिक बँकेनं २०२५ मध्ये अतिदारिद्र्याची रेषा माणशी रोज ३ डॉलरवर नेली. त्या मोजमापानंही प्रमाण १९९० च्या तुलनेत चौथाईच्या आसपास आलं आहे. तरीही रेषेखाली सुमारे ८० कोटी माणसं उरतात, आणि त्यांतली बहुसंख्य सहाराच्या दक्षिणेच्या आफ्रिकेत. सुधारणा झाली आणि ८० कोटी उरले, ही दोन्ही वाक्यं एकाच दमात पचवणं श्रोत्यांना जड जातं. रडवणाऱ्या फिल्ममध्ये तर पहिल्या वाक्याला जागाच नसते.

आयोजकांचं मोजमाप वेगळं. दाराशी ठेवलेली मदतपेटी किती भरली, यावर कार्यक्रम यशस्वी. रडणाऱ्या मुलाची फिल्म असली की पेटी भरते, हे मी कितीदा तरी पाहिलं आहे आणि त्यामागचं कारणही संशोधकांनी शोधलेलं आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोएवेन्स्टाइन आणि पॉल स्लोविक यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. मालीतल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीचा फोटो आणि तिची हकीकत दाखवली तेव्हा लोकांनी सढळ हातानं दिलं. आफ्रिकेतल्या लाखो उपाशी लोकांचे आकडे दाखवले तेव्हा कमी दिलं. रोकिया आणि आकडे एकत्र दाखवले तेव्हा एकट्या रोकियाला मिळाले होते त्याहून कमी पैसे आले. म्हणजे कारण सांगायला जावं तर दया आटते. हे वाचल्यावर दोनच मार्ग उरतात: कारणं सांगणं सोडायचं, किंवा पेटी ठेवणं सोडायचं. आम्ही पेटी सोडली. काही कॉलेजांनी आम्हाला सोडलं.

त्यानंतर आमच्या पिशवीतल्या फिल्म्स बदलल्या. २०१२ मध्ये 'व्हाय पॉव्हर्टी?' नावाची माहितीपटांची मालिका जगातल्या ७० च्या आसपास प्रसारणसंस्थांनी दाखवली. त्यातली 'स्टीलिंग आफ्रिका' ही फिल्म वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी सोन्यासारखी आहे. एका बाजूला झांबियातल्या तांब्याच्या खाणी, दुसऱ्या बाजूला झुरिक सरोवराकाठचं र्‍युशलिकोन हे टुमदार स्विस गाव. खाणधंद्यातला एक बडा माणूस तिथे राहतो, त्याच्या प्राप्तिकरानं गावाची तिजोरी इतकी भरते की कर कमी करावा का, यावर गावसभा बसते. तांबं ज्यांच्या जमिनीतून निघतं त्यांच्या देशाला करापोटी किती मिळतं, हा हिशेब फिल्म मांडते. फिल्ममध्ये क्वचितच कुणी रडतं. सीए करणारी मुलं मात्र खुर्चीत पुढे सरकून बसतात, कारण एका देशातला नफा दुसऱ्या देशात कसा दाखवतात हे त्यांना पुस्तकातून शिकवलेलं असतं. त्या नफ्याच्या दुसऱ्या टोकाला शाळा आणि दवाखाने असतात, हे पुस्तकात नसतं.

आणि 'डार्विन्स नाइटमेअर'. ऑस्ट्रियाच्या ह्युबर्ट झाउपरची २००४ ची फिल्म, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेलेली. टांझानियात व्हिक्टोरिया सरोवराकाठी म्वांझा हे शहर आहे. सरोवरात गेल्या शतकाच्या मध्याला नाइल पर्च हा परका मासा सोडला गेला, त्यानं तिथले मूळचे मासे फस्त केले आणि त्याच्यावर एक मोठा निर्यातधंदा उभा राहिला. कारखान्यात माशाचे पांढरेशुभ्र तुकडे होतात, बर्फात बसतात, मालवाहू विमानात चढतात आणि युरोपला जातात. उरलेली मुंडकी आणि सांगाडे गावाबाहेरच्या माळावर वाळत टाकलेले असतात. ते तिथली माणसं तळून खातात. विमानं येताना काय आणतात, या प्रश्नाचा झाउपर पिच्छा पुरवतो आणि शस्त्रांकडे बोट दाखवतो. या फिल्मवर टांझानियाचे अध्यक्ष २००६ मध्ये जाहीरपणे संतापले होते, आणि शस्त्रांबद्दलचा तिचा रोख पुराव्यानं पुरेसा भक्कम नाही, असं मलाही वाटतं. मी तो भाग दाखवताना तसं सांगते. माशाचा हिशेब मात्र पडद्यावर उघडा दिसतो, तिथे वाद घालायला जागा नाही.

पुण्यातल्या एका कॉलेजात ही फिल्म दाखवली तेव्हा दिवे लागल्यावर बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एक मुलगा म्हणाला, 'मॅम, आपण त्यांच्यासाठी काय करू शकतो?' प्रश्न चांगल्या मनातून आलेला होता, मला त्याची टर उडवायची नाही. पण प्रत्येक हॉलमध्ये पहिला प्रश्न हाच असतो, आणि तो विचारणाऱ्याला मधलं काहीच जाणून घ्यायचं नसतं. मासा कुणाचा, भाव कुणी ठरवला, बोट कुणाची, हे सगळं ओलांडून तो थेट देण्यावर उतरतो.

त्याच हिवाळ्यात आम्ही ती फिल्म शिरोळ तालुक्यात ऊसतोड्यांच्या तळावर नेली. नेऊ नये, असं आमच्यातल्याच काहींचं मत होतं. दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसांना आफ्रिकेची गरिबी कशाला दाखवायची, त्यांची त्यांना पुरेशी नाही का? मलाही धाकधूक होती. बीड जिल्ह्यातून, पाटोदा-शिरूरकडून आलेल्या टोळ्या होत्या. दोन ट्रॉल्यांच्या मधे चादर ताणली. वीज मंडपवाल्याच्या जनरेटरची, त्याचा आवाज स्पीकरपेक्षा मोठा. पुढे पोरं, मागे भाकरी उरकून आलेल्या बाया, कडेला उभे पुरुष, त्यांचं अर्धं लक्ष ट्रक येतोय का याकडे. गाडी आली की रात्री कितीही वाजता मोळ्या भरायला उठावं लागतं. पोरांना मारामारीचा पिक्चर हवा होता, तो नाही म्हटल्यावर निम्मी कोप्यांकडे, आपापल्या झोपड्यांकडे, पळाली. फिल्मच्या तळाशी इंग्रजी अक्षरं. ती कोण वाचणार? मी माइक धरून मराठीत सांगत राहिले. मूकपटांच्या काळात पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा असे, त्याची नोकरी मला मिळाली आहे असं मी गमतीनं म्हणते.

मुंडक्यांच्या माळाचं दृश्य आलं. माशा घोंघावताहेत, एक बाई सांगाडे उलटवते आहे. मी गप्प झाले होते. पुढे बसलेली एक साठीची बाई मोठ्यानं म्हणाली, "चांगलं मटण इमानात आन् मुंडकी ह्यांला?" मी हो म्हटलं. "मंग आपलं तरी काय येगळं? ऊस कारखान्याला आन् वाढं आपल्याला." एकदम हशा पिकला. वाढं म्हणजे उसाचा वरचा हिरवा शेंडा. ते तोडणाऱ्याकडे राहतं, जनावरांना घालायचं नाहीतर पेंढ्या बांधून विकायचं. तिला सरोवर, युरोप, निर्यात हे काही समजावून सांगायची गरज पडली नाही.

मग प्रश्नांची सरबत्ती. ह्यांला उचल कोण देतं? किती देतं? बोट स्वतःची का मालकाची? फिटली नाही तर पुढच्या साली परत यावंच लागतं का? आणि एका पोरसवदा गड्यानं विचारलं, "ताई, ह्यांचा मुकादम कुठाय? पिक्चरमधी दिसलाच न्हाई." फिल्ममध्ये कारखानदार आहे, वैमानिक आहेत, मच्छीमार आहेत, युरोपातून आलेले अधिकारीही आहेत. पण माणसं गोळा करून उचल म्हणजे आगाऊ पैसे देणारा, हिशेबाची वही ठेवणारा, गावचाच असून मालकाच्या वतीनं उभा राहणारा असा कुणी झाउपरनं पडद्यावर उभा केलेला नाही. मी ती फिल्म तोवर किती वेळा पाहिली होती, पण ही उणीव मला जाणवली नव्हती. ज्याचं आयुष्य मुकादमाच्या वहीत आहे त्यालाच ती दिसली. मच्छीमारांच्या वस्तीत बाया-पोरं नाहीत, पुरुष एकटेच राहतात, हे मी सांगितल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी समदे अर्धेच कोयते." नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, एकटा माणूस अर्धा.

त्या रात्री ३ डॉलरची रेषाही निघाली. मी सांगितलं की डॉलरच्या बाजारभावानं गुणाकार करायचा नाही, इथल्या किमतींच्या हिशेबानं ती रक्कम माणशी शंभर रुपयांच्या आतच येते. लगेच तोंडी हिशेब सुरू झाला. टनाला साडेतीनशेच्या पुढे, एक कोयता दिवसाला दीड-दोन टन, हंगाम पाच-सहा महिन्यांचा, घरात खाणारी सहा तोंडं, त्यातून उचल वळती. वर्षावर वाटलं तर माणशी पन्नासच्या आसपास पडतं. पावसाळ्यात गावाकडे जी मजुरी किंवा थोडंफार पिकेल ती वेगळी. "म्हंजी आमी रेघंच्या वर का खाली?" मी म्हटलं, रेघेवरच, कधी इकडे, कधी तिकडे. जागतिक बँकेच्या आकडेवारीत भारतात ३ डॉलरच्या रेषेखाली २०२२-२३ मध्ये ५.३ टक्के लोक उरले होते. हा आकडा कॉलेजात सांगितला की मुलं टाळ्या वाजवतात. तळावर कुणी टाळी वाजवली नाही आणि कुणी वादही घातला नाही. एकानं एवढंच विचारलं, आजारपणाचा खर्च त्यात धरलाय का.

बायांसाठी आम्ही दुसऱ्या खेपेला 'सोलर मामाज' नेली, त्याच 'व्हाय पॉव्हर्टी?' मालिकेतली. जॉर्डनच्या वाळवंटातली रफिया नावाची बेदुइन बाई राजस्थानात तिलोनियाच्या बेअरफुट कॉलेजात सौरदिवे जोडायला शिकायला येते. अनेक देशांतल्या, फारसं न शिकलेल्या बाया, एकमेकींची भाषा येत नाही, खुणांनी आणि रंगांनी शिकवणं चाललेलं. मधेच नवरा घटस्फोटाची आणि मुली काढून घेण्याची धमकी देतो, ती परत जाते, आणि पुन्हा येऊन शिक्षण पुरं करते. या फिल्मला मी एक वाक्यही समजावून सांगितलं नसतं तरी चाललं असतं. नवऱ्याचा फोन आला की बाया पडद्यावरच्या रफियाला सल्ले देत होत्या, आणि त्यांतले काही सल्ले इथे छापण्यासारखे नाहीत.

कॉलेजात आणखी एक आक्षेप नेमानं येतो: अशा फिल्म्सनी देशाची बदनामी होते. हा आपल्याकडचा जुना सूर आहे. लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाच्या भारतावरच्या फिल्म्स दाखवल्या म्हणून १९७० मध्ये बीबीसीचं दिल्लीतलं कार्यालय बंद करायला लावलं गेलं, ते १९७२ पर्यंत. १९८० मध्ये राज्यसभेच्या सदस्य असलेल्या नर्गिस यांनी सत्यजित राय भारताचं दारिद्र्य परदेशात विकतात असा आरोप केला. राय यांचा 'पथेर पांचाली' बघून ज्याला देशाची लाज वाटते त्याला त्यातल्या दुर्गाचं पावसात भिजणं दिसलेलंच नाही, असं माझं मत आहे. आणि गंमत अशी की हा बदनामीचा मुद्दा तळावर मी कधी ऐकलेला नाही. ज्यांची गरिबी असते त्यांना ती दाखवण्याबद्दल लाज वाटत नाही. त्यांची तक्रार असते ती कशी दाखवली याबद्दल.

ती तक्रार सर्वांत नेमकी मांडणारी फिल्म कोलंबियाची आहे. लुईस ओस्पिना आणि कार्लोस मायोलो यांची 'आगार्रांदो पुएब्लो', १९७७ ची, अर्ध्या तासाची. काली शहरात एक चित्रपथक जर्मन टीव्हीसाठी गरिबी टिपत फिरतं. भिकाऱ्याच्या तोंडापुढे कॅमेरा, कारंज्यात उड्या मारायला पोरांना पैसे, एका मोडक्या घरासमोर भाड्याचं 'गरीब कुटुंब' उभं केलेलं. शेवटी त्या घराचा खरा मालक येतो आणि पथकाला हाकलून देतो, पुढे केलेल्या नोटांचं तो काय करतो ते स्वतः बघावं. मोबाइल घेऊन झोपडपट्टीत शूटिंगला निघालेल्या माध्यमशिक्षणाच्या मुलांना मी ही फिल्म आधी दाखवते. काही जण नंतर कॅमेरा बाहेर काढायलाच घाबरतात. तेही मला नको असतं.

कारण कॅमेरा बाजूला ठेवणं हे उत्तर नाही, तो कुणाच्या हातात असावा आणि बघणारे कोण असावेत हा प्रश्न आहे. आणि त्याची उत्तरं जुनी आहेत. कॅनडाच्या फोगो बेटावर १९६७ मध्ये सरकार मच्छीमारांना गाव सोडायला लावण्याच्या बेतात होतं. राष्ट्रीय फिल्म मंडळाचे कॉलिन लो तिथे गेले आणि त्यांनी एक मोठा माहितीपट करण्याऐवजी लोकांच्या बोलण्याच्या दोन डझनांहून अधिक छोट्या फिल्म्स केल्या. धर्म आणि अंतर यांनी तुटलेल्या गावांना त्या आधी एकमेकांच्या दाखवल्या, मग मंत्र्यांना दाखवल्या, आणि मंत्र्याचं उत्तर चित्रित करून बेटावर परत नेलं. बेटकऱ्यांनी मासेमारीची सहकारी संस्था काढली आणि ते तिथेच राहिले. सगळं श्रेय फिल्मला देऊ नये, पण माणसं एकमेकांशी बोलायला लागली ती तिच्यामुळे. अहमदाबादच्या 'सेवा' या कष्टकरी बायांच्या संघटनेनं १९८४ मध्ये आपल्या सदस्य बायांना व्हिडिओ कॅमेरा शिकवला. त्यांत भाजी विकणाऱ्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या बाया होत्या. आणि आपल्या पुण्यात सुमित्रा भावे यांनी १९८५ मध्ये 'बाई' केला, तो मुळात चित्रपट करायचा म्हणून नव्हे. समाजकार्य आणि संशोधन करणाऱ्या या बाईंना वस्तीतल्या बायकांवर केलेला अभ्यास त्याच बायकांपर्यंत पोचवायचा होता, आणि अहवाल वाचणार कोण?

फोगोचीच रीत आम्ही तळावर चालवून पाहिली. टोळीतल्या एका ट्रॅक्टरचालक पोरानं फोनवर चित्रीकरण केलं. पहाटे तीनला पेटलेल्या चुली, थंडीत पाचटातून चालणं, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई, वजनकाट्यावरची रांग. मागे संगीत घालायचं नाही, एवढी एकच अट मी घातली. फिल्म आधी तळावरच दाखवली. साड्या बांधून केलेल्या न्हाणीचं एक दृश्य बायांनी काढायला लावलं, ते लगेच काढलं. मुकादमानंही स्वतःचं दृश्य काढायला सांगितलं. त्यावर मात्र खूप वाद झाला. तो त्यांच्याच गावचा. उचलीचे पैसे त्यानं वाहतूकदाराकडून आपल्या नावावर घेतलेले, एखादा कोयता पळाला तर तो बुडतो. शेवटी त्याचा चेहरा काढला आणि वही ठेवली.

ही फिल्म पुण्यातल्या एका कॉलेजात दाखवली, मुलांची मनोगतं फोनवर घेतली आणि ती तळावर नेली. एक मुलगी बोलता बोलता रडायला लागली होती. तळावरच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. "ही पोरगी रडती कशापायी?" एकीनं विचारलं. मग म्हणाली, "तिला म्हणावं, रडू नको. काटा बघून ये." ऊस तोडायचा यांनी, वजन करायचं दुसऱ्यांनी, काटा मारतात, म्हणजे वजन कमी दाखवतात, ही तोडणाऱ्यांची आणि शेतकऱ्यांची दोघांचीही जुनी तक्रार आहे. निरोप पोचवला. त्या मुलीसह चार-पाच जण खरोखर एका कारखान्यावर गेले. गेटवर त्यांना अडवलं. परत न जाता त्यांनी बाहेर थांबलेल्या चालकांकडून वजनाच्या पावत्या मागून बघितल्या आणि भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, बांधणीची वजावट हे सगळं ते वाचायला शिकले. आता दर हंगामात त्या कॉलेजचा एक गट तळावर बसून पावत्यांच्या नोंदी ठेवतो. मदतपेटीत यातलं काही मावलं नसतं.

तेव्हा कुणाला आपल्या कॉलेजात, गावात, मंडळात अशी फिल्म दाखवायची असेल तर अवश्य दाखवा. फिल्म तासाची असेल तर हॉल तीन तासांसाठी घ्या. पाहुण्यांची भाषणं ठेवू नका. बघणाऱ्यांत रोजंदारीवर जगणारी माणसं असतील याची व्यवस्था करा, आणि प्रश्नांना सुरुवात त्यांच्यापासून करा. ऊसपट्ट्यात राहत असाल तर फार लांब जायची गरज नाही. दिवाळीनंतर टोळ्या तुमच्याच गावच्या माळावर उतरतात. रात्री साडेआठनंतर, भाकरी झाल्यावर जा. चादर आणि जनरेटर तुमचा असू द्या. गाडी आली तर फिल्म अर्ध्यावर थांबवावी लागेल, त्याची तयारी ठेवा.